रांग, मॉनिटर आणि 'सॉरी म्हण' : मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
बालवर्ग आणि पहिली-दुसरी चालवणाऱ्या शाळांचे मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य

विषय : लहान मुलांची मारामारी आणि दादागिरी यांवर एकच उपाय करणे थांबवण्याबाबत

स.न.वि.वि.

मारामारीची तक्रार आली की आपल्या शाळांत पुढचं सगळं ठरलेलं असतं. मारणाऱ्याला पुढे बोलावतात, मार खाल्लेल्याला बोलावतात, 'सॉरी म्हण' होतं, हातात हात दिले जातात, डायरीत लाल शेरा जातो. दुसऱ्या दिवशी परिपाठात 'सर्वांशी प्रेमाने वागावे' यावर एक गोष्ट सांगितली जाते. नर्सरीत चावणाऱ्या मुलाला हेच आणि दुसरीतल्या टोळीच्या म्होरक्यालाही हेच. आमचं म्हणणं एवढंच आहे की या दोघांना एका मापाने मोजू नका. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे पहिल्याला अजून नीट कळत नाही. दुसऱ्याला ते बहुतेक वेळा फार छान कळतं, आणि त्याच्यावरच त्याचा सगळा कारभार चालतो.

आधी लहान मुलं घेऊ. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांचा तान्हेपणापासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ढकलणं, हात उगारणं, लाथ मारणं सगळ्यात जास्त दिसतं ते साधारण दोन ते साडेतीन-चार या वयात. पुढे भाषा येते, मोठी माणसं अडवतात, सवंगडी दूर जातात, आणि बहुतेक मुलांत ते ओसरत जातं. मारायला कुणी शिकवावं लागत नाही, न मारायला शिकवावं लागतं. तेव्हा नर्सरीतल्या प्रत्येक चापटीवर 'घरचे संस्कार' हे लेबल लावण्याची घाई नको.

एक साधा प्रयोग शिक्षकांच्या बैठकीत समजावून सांगा आणि प्रत्येक बाईंना एकदा करून बघू द्या. बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात चार पेन्सिली घालून पुडा बंद करायचा. तीन वर्षांच्या मुलाला विचारायचं, 'यात काय?' उत्तर येतं, 'बिस्किटं.' पुडा उघडून दाखवायचा, पुन्हा बंद करायचा. मग विचारायचं, 'तुझा मित्र बाहेर आहे. तो आत आला आणि त्याला हा बंद पुडा दाखवला, तर तो काय म्हणेल?' या वयाची बहुतेक मुलं ठामपणे सांगतात, 'पेन्सिली!' आपल्याला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असा त्यांचा हिशोब असतो. साडेचार-पाचला तेच मूल गालात हसून 'बिस्किटं' म्हणतं. विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली या धाटणीचे प्रयोग सुरू केले आणि त्यानंतर ते अनेक देशांत झाले. मुलाला पास-नापास ठरवायला हा प्रयोग वापरायचा नाही. पण एकदा तो पाहिला की साडेतीन वर्षांच्या मुलाला 'त्याला काय वाटलं असेल, विचार कर जरा' असं दरडावण्यात किती अर्थ आहे ते उमगतं. समोरचा रडतोय म्हणजे त्याला दुखलंय, एवढं त्याला कळतं. समोरच्याने गाडी उचलली ती आपल्याला चिडवायला नाही, तर कोणाचीच नाही असं समजून, हे त्याला अजून दिसत नाही.

इथे मराठी आपल्या फार उपयोगाची आहे. धक्का लागला आणि धक्का दिला. पडला आणि पाडला. तुटलं आणि तोडलं. सांडलं आणि सांडवलं. चुकून काय आणि मुद्दाम काय, हा फरक आपल्या क्रियापदातच आहे, आणि नेमका तोच रागीट मुलांना कळायला जड जातो. केनेथ डॉज यांनी अमेरिकेत १९८० पासून दाखवलं की वारंवार मारामारी करणारी मुलं संदिग्ध प्रसंगातही समोरच्याचा हेतू वाईटच धरतात. पाणी सांडलं, तरी ते 'सांडवलं'च असतं. बाईंनी दिवसभरात दहा-बारा वेळा हे मोठ्याने बोलावं : 'अरे, त्याचा पाय अडकला, म्हणून तुला धक्का लागला. त्याने दिला नाही.' 'तिला वाटलं, तुझं खेळून झालं.' हे 'वाटलं' जितकं कानावर पडेल तितकं चांगलं. मनातल्या गोष्टींबद्दल ज्या घरांत बोलणं होतं, त्या घरांतली मुलं पुड्याच्या प्रयोगासारख्या प्रश्नांना लवकर बरोबर उत्तर देतात, असं आढळलं आहे. चित्रांच्या गोष्टी सांगताना 'ससा पळाला' एवढ्यावर न थांबता 'सशाला वाटलं आभाळ पडलं, पण खरं काय पडलं होतं?' असं विचारायला वेगळा तास लागत नाही.

नर्सरीत एकाने दुसऱ्याला मारलं, तर काय करायचं? आधी मार लागलेल्या मुलाकडे जायचं. मारणाऱ्याकडे आधी धावलो, तर हात उचलला की बाई येतात, हा धडा सगळा वर्ग गिरवतो. त्याला उगी केल्यावर मारणाऱ्यासमोर उकिडवं बसायचं, म्हणजे डोळे समपातळीत येतात. हात धरायचा तो थांबवण्यापुरता, आवळायचा नाही. आणि चार-पाच शब्दांची दोन वाक्यं : 'मारायचं नाही. त्याला दुखलं.' मग त्याला जे म्हणायचं होतं ते शब्द आपण द्यायचे : 'म्हण, झालं की मला दे.' शेवटी हाताने करायची दुरुस्ती. सांडलेलं पुसायला फडकं आणणं, पडलेला मनोरा परत रचणं, फडक्यात बर्फ धरून देणं. हे सगळं दीड-दोन मिनिटांत संपायला हवं. 'सॉरी'ची सक्ती वगळावी, कारण या वयात सॉरी हा टोलनाका होतो. म्हटलं की फाटक उघडतं. मारायच्या आधीच सॉरी म्हणून घेणारी मुलंही बालवर्गात सापडतात, त्यांना तर दादच द्यायला हवी.

भांडण पेटलेलं असताना नवीन शब्द डोक्यात शिरत नाहीत. म्हणून शांत वेळी, आठवड्यातून तीनदा पाच ते सात मिनिटं हातबाहुल्यांकडून हेच भांडण खेळून घ्यावं आणि सगळ्या वर्गाने तळहात पुढे करून मोठ्याने म्हणावं : 'थांब, मला नाही आवडत!' सबंध वर्षात चार वाक्यं पुरतात : 'मला पण दे', 'झालं की मला दे', 'थांब, मला नाही आवडत', 'बाई, मदत करा'. चौदा वाक्यांचा तक्ता भिंतीवर लावला तर एकही वाक्य तोंडात बसत नाही. 'दोन मिनिटांनी देतो' हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. 'हे गाणं संपलं की तुझी पाळी' हे कळतं.

पण या मारामाऱ्यांतला मोठा वाटा मुलांच्या स्वभावाचा नसतोच, तो आपण लावलेल्या व्यवस्थेचा असतो. हात धुण्याची रांग बघा. डब्याची घंटा, अडतीस मुलं, एक नळ. एका मुलाला वीस सेकंद धरले तरी शेवटच्याचा नंबर बारा मिनिटांनंतर. पोटात भूक, हातात डबा, आणि 'हाताची घडी, तोंडावर बोट'. मागून कोणीतरी 'चला ना' म्हणून रेलतं. तो रेटा पाच मुलं पुढे सरकतो, पुढच्याचं कपाळ नळाच्या कट्ट्यावर आपटतं आणि तो गर्रकन वळून हाताला लागेल त्याला एक ठेवून देतो. बाईंना दिसतं ते एवढंच शेवटचं. शिक्षा वळून मारणाऱ्याला होते, आणि ज्याने चापट खाल्ली त्याचा तर काहीच संबंध नव्हता. यावर उपाय नीतिकथा नाही. सहा-सहा मुलं सोडा, बाकीची बसून गाणी म्हणू देत. नळाशेजारी बादली, तांब्या आणि मदतनीस मावशी एवढं केलं की दुसरा नळ तयार होतो. जमिनीवर एक-एक हात अंतरावर पावलं रंगवा. रंगाचा एक छोटा डबा पुरतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणात नेली; अंगणवाडी ही कल्पना तिथलीच. अंगणात कोपर ताणायला जागा असते. आज एका खोलीत चाळीस मुलं कोंबून त्यांनी एकमेकांना कोपर लावू नये अशी अपेक्षा आपण धरतो.

तेव्हा शेरा मारण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. पाच रकाने : वेळ, जागा, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, काय केलं, त्यानंतर मुलाला काय मिळालं. शेवटचा रकाना लोक हमखास कोरा सोडतात आणि खरी गोम तिथेच असते. मारल्यावर खेळणं मिळालं? लिहिण्यातून सुटका झाली? बाईंच्या मांडीवर जागा मिळाली? 'आज फार त्रास दिला' हे वहीत लिहायचं नाही, ते मत झालं. 'डब्याच्या रांगेत, ११.१०, मागून धक्का लागल्यावर उजवीकडच्याला चापट' ही नोंद. दहा-बारा नोंदी झाल्या की बहुधा दोनच जागा आणि दोनच वेळा पुन्हा पुन्हा येताना दिसतात.

चावण्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त पालक चढून येतात ते यावरून. जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा. कातडी फाटली असेल तर डॉक्टर. दोन्ही घरी त्याच दिवशी कळवा, पण कोणी चावलं ते नाव दुसऱ्या घरी सांगू नका. 'त्यालाही चावून दाखवा म्हणजे कळेल' हा घरगुती इलाज शाळेत कोणी करत असेल तर तो आजच बंद करा. साडेतीन वर्षांनंतरही मूल सतत चावत असेल आणि बोलणं तोकडं असेल, तर कान आणि भाषा तपासून घ्या. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला 'झालं की मला दे' कुठून येणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. वजन-उंचीबरोबर अशा मुलांची यादीही त्यांच्या हातात द्या, ती मुलं पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्राकडे जाऊ शकतात.

आता सहा ते आठ वर्षांची मुलं. इथे 'दादागिरी' हा शब्द खरा लागू होऊ लागतो. नॉर्वेचे दान ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या : त्रास देण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा तेच, आणि दोघांच्या बळात फरक. तिन्ही असतील तरच दादागिरी. दोन सारख्या ताकदीच्या मित्रांची झोंबाझोंबी हे भांडण. बालवर्गात ही तिसरी खूण सहसा टिकत नाही, आज मार खाणारा पुढच्या आठवड्यात मारणारा असतो. म्हणून चार वर्षांच्या मुलाला 'दादा' ठरवू नये.

या वयाबद्दलची एक समजूत मात्र सोडायला हवी. त्रास देणाऱ्याला समोरच्याची वेदना कळत नाही, ती समजावली की तो थांबेल, असं आपण धरून चालतो. सटन, स्मिथ आणि स्वेटनहॅम यांनी १९९९ साली इंग्लंडमधल्या सात ते दहा वर्षांच्या १९३ मुलांचा अभ्यास छापला. गोष्टी सांगून त्यातल्या पात्रांच्या मनातलं ओळखायला लावलं, तेव्हा टोळीच्या म्होरक्यांना त्यांच्या पित्त्यांपेक्षा आणि त्रास सोसणाऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळाले. कोण लगेच रडतो, कोण घरी सांगत नाही, कोणत्या शब्दावर सगळे हसतात, हे ओळखल्याशिवाय म्होरकेपण टिकत नाही. अशा मुलाला 'तिला किती वाईट वाटलं असेल' हे समजावणं म्हणजे चोराला कुलपाचा नकाशा देणं.

दोघांना ओळखायचं कसं? तापट मूल बाईंच्या डोळ्यादेखत मारतं, लाल होतं, नंतर स्वतःही रडतं, त्याचे बळी बदलतात आणि त्याला मित्र कमी. त्याच्यासाठी वर सांगितलेलं लागला-दिलाचं काम आठव्या वर्षीही चालू ठेवा. म्होरक्या बाईंची पाठ वळल्यावर बोलतो, निशाणा ठरलेला, आजूबाजूला हसणारे दोन-तीन, आणि विचारलं की उत्तर तयार : 'आम्ही मस्करी करत होतो, बाई.' पुष्कळदा तो बाईंचा लाडकाही असतो.

मधल्या सुट्टीतली लपाछपी जवळ जाऊन पाहा. चकताना खुणा आधीच ठरलेल्या असतात. राज्य सलग चौथ्यांदा त्याच मुलावर येतं. तो 'मी नाही खेळत' म्हणाला की सगळे एका सुरात 'रडीचा डाव, रडीचा डाव!' तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून आकडे मोजायला लागतो, आणि बाकीचे लपत नाहीत, सरळ वर्गात निघून जातात. व्हरांड्यातून दिसतं ते असं, की मुलं छान खेळतायत. कोणी हात उचलला नाही, सीसीटीव्हीत काही सापडणार नाही. मुलींच्या घोळक्यात हेच कट्टीच्या रूपाने चालतं. दोघींची सकाळची कट्टी दुपारी बट्टी होते, त्यात आपण पडू नये. एकीच्या हुकुमाने सात जणींनी एकीशी आठवडाभर बोलणं टाकलं, 'बोललीस तर तुला वाढदिवसाला बोलावणार नाही' असा निरोप फिरला, तर ती मारहाणीइतकीच गंभीर नोंद आहे. अमेरिकेत क्रिक आणि ग्रोटपीटर यांनी १९९५ साली नात्यांच्या आडून होणारी ही आक्रमकता मोजून दाखवली, आणि पुढे ती बालवर्गातही आढळली.

गंमत म्हणजे बळातला फरक कसा सांभाळायचा, हे आपल्या मुलांनी कधीच शोधून ठेवलंय. 'कच्चं लिंबू.' धाकट्या भावाला खेळात घ्यायचं, पण बाद धरायचं नाही, राज्य द्यायचं नाही. कोणत्याही तज्ज्ञाला सुचली नसती इतकी नेटकी सोय आहे ती. मात्र बरोबरीच्या मुलाला रोज 'तू लिंबूटिंबू' म्हणून बाजूला बसवलं जात असेल, तर तोच शब्द हत्यार झालेला असतो. वही घेऊन बसाल तेव्हा हा शब्द कोणासाठी वापरला गेला तेही टिपा.

म्होरक्याचं बळ प्रेक्षकांत असतं. हॉकिन्स, पेप्लर आणि क्रेग यांनी कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर चित्रण केलं, ते २००१ साली छापून आलं. दादागिरीच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती पाचात एका प्रसंगी. पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. आपल्या मुलांना म्होरक्याशी भिडायला शिकवू नका, तो त्यांना परवडणारा सौदा नाही. त्रास होणाऱ्याकडे जायला शिकवा. दोघांनी मिळून जायचं आणि म्हणायचं, 'चल, आपण तिकडे खेळू.' आणि 'चुगली करू नकोस' हे वाक्य शिक्षकांच्या तोंडून हद्दपार करा. एखाद्याला अडकवायला सांगतात ती चुगली. कोणाला तरी सोडवायला सांगतात ती मदत. दुसरीतल्या मुलांना हा फरक दोन उदाहरणांत कळतो. आज मात्र सांगायला आलेलं मूल 'जा, जागेवर बस' ऐकून परत जातं, आणि म्होरक्या ते पाहत असतो.

प्रत्यक्ष तक्रार आली तर दोघांना समोरासमोर बसवून मिटवामिटवी करू नका. बळ सारखं नाही तिथे ती मिटवामिटवी म्हणजे बाईंच्या साक्षीने दिलेली धमकी ठरते. फिनलंडच्या शाळांतल्या 'किवा' या दादागिरीविरोधी कार्यक्रमाचा क्रम आपल्याला जसाच्या तसा घेता येतो. आधी ज्याला त्रास होतो त्याच्याशी एकट्याने बोला : कुठे, कधी, कोण जवळ होतं. मग त्रास देणाऱ्या प्रत्येकाला वेगवेगळं, एकामागोमाग एक बोलवा. मधे आपसात बोलायला वेळ मिळता कामा नये. पंधरा मिनिटांची उलटतपासणी न घेता सरळ : 'अमक्याची मधली सुट्टी वाईट जातेय. उद्यापासून तू काय वेगळं करशील?' एक कृती ठरवून घ्या, लिहून ठेवा. वर्गात ज्यांचं ऐकलं जातं अशा दोन ते चार मुलांना 'त्याला खेळात घ्या' एवढीच विनंती करा. आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा सगळ्यांना भेटा. ही शेवटची भेट आपल्याकडे होतच नाही, म्हणून पहिल्या भेटीची तारीख टाकतानाच तिचीही तारीख टाका.

मॉनिटरबद्दल बोलायलाच हवं. बाई ऑफिसात जाताना एका मुलाच्या हातात खडू देतात, तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. पुढे काय होतं ते सगळ्या वर्गाला माहीत असतं : खोडरबर दिलं तर नाव पुसलं जातं, नाही दिलं तर नावापुढे फुल्या वाढतात. 'वांड मुलाला मॉनिटर केलं की सुधारतो' ही समजूत तर उलटी पडते, कारण होती नव्हती ती सत्ताही आपण त्याला देतो. जबाबदारी जरूर द्या, पण वस्तूंची : चटया, पाण्याची टाकी, फळा. माणसांची नको. पद आठवड्याला फिरतं ठेवा.

तक्रारपेटी पहिलीच्या मुलांच्या काय कामाची? ती मुलांच्या डोक्याच्या वर टांगलेली असते, आणि त्यांना जोडाक्षरं यायची असतात. त्याऐवजी शाळेचा एक साधा नकाशा काढून महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला दोन टिकल्या द्या : जिथे मजा येते तिथे हिरवी, जिथे जायला नको वाटतं तिथे लाल. एकेकटं बोलावून. लाल टिकल्या कोणत्या कोपऱ्यात जमतात ते पाहा. बहुतेकदा स्वच्छतागृहाकडची बोळ, जिन्याखालची जागा आणि व्हॅनचं मागचं बाक. व्हॅनवाल्या काकांना या विषयावर आजवर कोणी बैठकीला बोलावलंय का?

पालकांना 'तूही दोन ठेवून दे' म्हणू नका, असं सांगून ते म्हणायचे थांबत नाहीत. त्यांना काय करायचं ते द्या : शाळेत कोणाला भेटायचं, किती दिवसांत उत्तर मिळेल. गेटवर दुसऱ्याच्या मुलाला जाब विचारायचा नाही आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणत्याही मुलाचं नाव लिहायचं नाही, हे दोन नियम जूनच्या पहिल्या सभेत सांगून टाका. पन्नास पालकांनी मिळून 'त्या मुलाला काढा' म्हटलं तरी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. मारल्याबद्दल मारणं त्यात येतं. सगळ्या वर्गासमोर उभं करून 'याच्याशी कोणी खेळू नका' म्हणणं, म्हणजे कट्टीचा हुकूम बाईंनीच काढणं, तेही त्यात येतं.

या पत्राच्या उत्तरात आम्हाला परिपत्रक नको. येत्या सोमवारच्या मधल्या सुट्टीचा ड्युटीचा तक्ता काढा आणि नळ, जिना, स्वच्छतागृहाची बोळ यांच्यापुढे कोणाचं नाव आहे ते बघा. जिथे नाव नाही, तिथे लिहा.

आपले,
बालवर्ग आणि पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर काम करणारे शिक्षक व समुपदेशक